छत्री घेऊन डोंगरात : एका वादाचा आढावा

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या सामानाच्या यादीत छत्रीला सहसा जागा नसते. पावसाळी ट्रेकच्या सूचनांमध्ये तर ‘छत्री आणू नये’ असे अनेकदा स्पष्ट लिहिलेले असते. त्याच वाटेवर भेटणारा गुराखी, दूध घालायला खाली उतरणारा गावकरी, शाळेला निघालेली पोरे यांच्याकडे मात्र छत्री हमखास असते. सर थांबली की छत्रीची वाकडी मूठ सदऱ्याच्या कॉलरला मागून अडकवायची आणि दोन्ही हात मोकळे करून पुढे चालू लागायचे, ही त्यांची सवय. एकाच डोंगरावर आणि एकाच पावसात अशा दोन रीती शेजारी शेजारी चालत आल्या आहेत.

अमेरिका आणि युरोपातल्या लांब पल्ल्याच्या पदभ्रमणात गेली तीसेक वर्षे हलक्या छत्रीवर गंभीर चर्चा होत आहे. तिथे खास चालणाऱ्यांसाठी बनलेल्या चंदेरी छत्र्या आता आपल्याकडच्याही काही सॅकवर दिसू लागल्या आहेत. त्यामुळे हा वाद कुठे उभा आहे, कोणत्या बाजूला पुरावा आहे आणि कुठे केवळ सवय बोलते आहे, हे पाहण्याची वेळ आली आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवावीशी वाटते. आपल्याकडे छत्रीचा विचार जवळजवळ पूर्णपणे पावसाच्या अंगाने होतो. तिची सर्वांत भक्कम बाजू उन्हात आहे, आणि नेमके तिकडे आपले लक्ष फार कमी गेले आहे.

पूर्वपीठिका

पावसात डोंगर चढायचा आणि हातही मोकळे ठेवायचे, हा पेच फार जुना आहे. कोकणात आणि मावळात त्यावर इरले हे उत्तर होते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानांचे आच्छादन, आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारा आकार. भाताची आवणी करताना वाकलेल्या माणसाची पाठ कोरडी राही आणि हात चिखलात काम करत. धनगरांनी घोंगडीची खोळ वापरली. मेघालयातल्या खासी शेतकऱ्यांचे ‘क्नुप’ आणि नेपाळी डोंगरातले ‘घुम’ ही इरल्याचीच भावंडे. ज्यांना पावसात खरोखर काम करायचे होते, त्यांनी हातात धरायची वस्तू टाळून अंगावर बसणारे छप्पर निवडले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट चालणारे वारकरीही आज छत्री आणि डोक्यावरून पांघरलेला प्लास्टिकचा कागद असे दोन्ही वापरतात.

छत्री हलकी होत गेली ती तिच्या काड्यांमुळे. सॅम्युएल फॉक्स यांनी १८५२ मध्ये इंग्लंडमध्ये पोलादी पन्हळीच्या काड्यांचा सांगाडा आणला. १९२८ मध्ये जर्मनीत हान्स हाउप्ट यांनी घडीची छत्री काढली. डोंगरातल्या छत्रीला मात्र तत्त्वज्ञान मिळाले ते रे जार्डिन यांच्यामुळे. प्रस्तरारोहकांना जार्डिन परिचित आहेत ते ‘फ्रेंड्स’ या उपकरणामुळे. कातळाच्या भेगेत अडकवायचे हे साधन त्यांनी १९७० च्या दशकात घडवले. पुढे पत्नी जेनी यांच्यासह ते मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी, सुमारे ४,२६५ किलोमीटरची पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल अनेकदा चालले, आणि १९९२ मध्ये त्यांचे मार्गदर्शक पुस्तक आले. पाठीवरचे वजन निर्दयपणे कमी करा, हा त्यांचा मुख्य आग्रह. एकेक ग्रॅम मोजणाऱ्या या माणसाने छत्री मात्र सोबत ठेवली. या वाटेचा दक्षिण कॅलिफोर्नियातला पहिला अकराशे किलोमीटरचा टप्पा बराचसा रखरखीत आहे. तिथे छत्रीवर चकचकीत परावर्तक पापुद्रा लावून सावली सोबत न्यायची, ही त्यांची कल्पना.

कोलोरॅडोत १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘गोलाइट’ कंपनीने जार्डिन यांच्या कल्पनांवर आधारलेले साहित्य बाजारात आणले. तिची चंदेरी छत्री लांब पल्ला चालणाऱ्यांत चांगलीच रुळली. २०१४ मध्ये कंपनी बंद पडली, पण छत्रीचा तो नमुना टिकला. आज दोन-तीन अमेरिकी कंपन्या आणि जर्मनीतली ‘युरोशिर्म’ तशा छत्र्या विकतात. फायबर ग्लास किंवा कार्बनच्या काड्या, न दुमडणारा सरळ दांडा, मीटरभर व्यास आणि दोनशे ते अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन, असे तिचे साधारण रूप.

ऊन

सूर्य डोक्यावर असताना निरभ्र आकाशातून दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट इतकी ऊर्जा जमिनीवर पडते. चढ चढणाऱ्या माणसाचे शरीर स्वतःच चार-पाचशे वॅट उष्णता बाहेर टाकण्याच्या खटाटोपात असते. त्यात उन्हाची दीडशे वॅटच्या आसपास भर पडते, असे ढोबळमानाने धरता येईल. एक लिटर घाम वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशेबाने दीडशे वॅट म्हणजे तासाला पाव लिटरच्या थोडे आत, इतका जास्तीचा घाम. पाच तासांच्या वाटचालीत हे लिटरभर पाणी होते. वाटेत एकही झरा नसलेल्या उन्हाळी ट्रेकमध्ये लिटरभर पाण्याचे मोल काय, हे बागलाणात साल्हेर-सालोट्याच्या उघड्या अंगावर एप्रिलमध्ये गेलेल्यांना सांगायला नको.

या हिशेबाला जुना आधार आहे. एडवर्ड ॲडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाळवंटात सैनिकांवर केलेले काम १९४७ मध्ये पुस्तकरूपाने आले. सावलीत आणि कपड्यांत राहणाऱ्या माणसाचे पाणी उघड्या उन्हातल्या माणसापेक्षा कमी खर्च होते, हे त्यांनी दाखवले. हवामान खाती उष्णतेचा जो निर्देशांक जाहीर करतात, तो सावलीतल्या हवेसाठी असतो. थेट उन्हात तो १५ अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे ८ अंश सेल्सिअसने वाढू शकतो, असे अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये पुरुषांनीही उन्हात छत्री वापरावी म्हणून मोहीम काढली, ती याच विचाराने.

टोपीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की रुंद काठाची टोपी शंभर ग्रॅमच्या आत येते, हात अडवत नाही आणि वाऱ्याने उलटत नाही. हे सगळे खरे आहे. पण टोपी डोके आणि मान झाकते; खांदे, पाठ आणि सॅक उन्हातच राहतात. शिवाय डोक्याचा घाम तिच्याखाली कोंडतो. छत्रीखाली हवा खेळती राहते आणि डोके उघडे ठेवता येते. निव्वळ उष्णतेपुरते बोलायचे तर छत्रीचे पारडे स्पष्ट जड आहे.

त्वचेचा प्रश्न वेगळा आहे, आणि तिथे छत्रीचे समर्थक कधी कधी हातचे राखत नाहीत. २०१३ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात हातातल्या साध्या छत्र्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. छत्र्यांनी किमान ७७ टक्के अतिनील किरण अडवले. काळ्या छत्र्यांनी ९० टक्क्यांहून अधिक. ही मोजणी कापडाच्या लगेच खालची होती. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात टेक्सासमधल्या तलावाकाठचा प्रयोग आला. साडेतीन तास मोठ्या छत्रीखाली बसलेल्यांपैकी ७८ टक्के लोकांची त्वचा कुठे ना कुठे भाजली. सनस्क्रीन लावलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. कारण सरळ आहे. अतिनील किरणांचा मोठा वाटा थेट सूर्याकडून न येता सगळ्या आकाशातून विखरून येतो आणि छत्रीच्या बाजूने आत शिरतो. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटरला हे किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. ताजा बर्फ तर त्यातले ८० टक्क्यांपर्यंत खालून परत फेकतो. म्हणजे हिमालयातल्या हिमाच्छादित खिंडीत छत्री त्वचेला जवळजवळ उघडीच टाकते. घाम वाचवणारी छत्री त्वचाही वाचवते, असे गृहीत धरू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि सनस्क्रीन लागतेच.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे कातळ. मार्च-एप्रिलच्या दुपारी काळा बेसाल्ट हाताला चटका देतो, आणि ती धग खालून येते. सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन आले की छत्री इतकी कलवावी लागते की पुढची वाट दिसेनाशी होते. तरीही दहा ते चार या वेळात झाडोरा नसलेल्या पठारावर आणि सोंडेवर ती जे देते, ते दुसरे कोणतेही दोनशे ग्रॅमचे साहित्य देत नाही, असे माझे मत आहे.

पाऊस

पावसाबाबत तीन भूमिका आहेत, आणि तिन्हींमागे अनुभव आहे.

पहिली भूमिका रेनकोटवाल्यांची. हात मोकळे, अंग झाकलेले, वाऱ्याला तोंड देण्याची ताकद. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर भिजलेले अंग आणि वारा यांचा मेळ जिवावर बेततो. तिथे चांगल्या रेनकोटला पर्याय नाही, हे छत्रीचे कट्टर पुरस्कर्तेही मान्य करतात.

दुसरी भूमिका छत्रीवाल्यांची. त्यांचा मुद्दा घामाचा आहे. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या ताणलेल्या पीटीएफई पडद्यापासून ‘श्वास घेणारे’ रेनकोट निघाले. पण असे कापड घामाची वाफ बाहेर टाकते ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकावर. जुलैत घाटमाथ्यावर हवा बाष्पाने गच्च भरलेली असते आणि तापमान विशीच्या पुढे असते. फरक कमी उरतो. त्यात रेनकोटचा वरचा थर पाण्याने माखला की उरलासुरला श्वासही बंद होतो. चढावर माणूस पावसाने भिजला नाही तरी घामाने भिजतो. छत्रीखाली ही कोंडी होत नाही. पदरातल्या गर्द रानात, जिथे वारा पोहोचत नाही आणि झाडांवरून सरळ धार लागते, तिथे छत्रीइतके सुखाचे साधन नाही. थांबल्यावर तिचा उपयोग आणखी वाढतो. डबा उघडायचा, नकाशा पाहायचा, कॅमेरा काढायचा, सगळे तिच्या आडोशाने होते. उघड्या पठारावर जिथे एक झुडूपही आडोशाला नसते, तिथे लघवीला जाण्यासाठी छत्री मिळणे ही स्त्रियांच्या दृष्टीने फार मोठी सोय आहे. साहित्याच्या चर्चेत हा मुद्दा क्वचित येतो, तो यायला हवा.

तिसरी भूमिका सह्याद्रीत बहुसंख्यांची आहे: भिजायचे. सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे कपडे ठेवायचे आणि चालत राहायचे. दिवसभराच्या ट्रेकसाठी, तब्येत धडधाकट असेल तर, ही भूमिका चुकीची म्हणता येत नाही. अडचण येते ती थांबल्यावर, माथ्यावर वारा लागल्यावर, किंवा गटातला एखादा दमून मागे पडल्यावर. चालणे थांबताच शरीराची भट्टी मंदावते आणि मग कापरे भरते.

वारा

खरा निकाल वारा लावतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा सर्वांत वेगवान पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाहतो. जॉन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. आता आपल्या शिखरांच्या उंची पाहाव्यात. कळसूबाई १,६४६ मीटर, साल्हेर १,५६७, तोरणा आणि हरिश्चंद्रगड चौदाशेच्या आसपास. म्हणजे पावसाळी भटकंतीची आपली आवडती ठिकाणे बरोबर त्या पट्ट्याच्या वाटेत उभी आहेत. युरोपातल्या दरीत सरळ पडणाऱ्या पावसात लिहिलेले छत्रीचे कौतुक इथे जसेच्या तसे लागू होत नाही, याचे मूळ इथे आहे.

पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असेल, तर तो थेंब उभ्या रेषेपासून सुमारे ५७ अंश कललेला येतो. बारीक थेंब आणखी आडवे येतात, आणि घाटमाथ्याच्या पावसात बारीक थेंबांचा भरणा मोठा असतो. असा पाऊस अडवायचा तर छत्री ढालीसारखी समोर धरावी लागते. तसे धरले की मीटरभर व्यासाच्या कापडावर त्याच वाऱ्याचा पाच ते सहा किलोइतका जोर येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट, वीस किलोच्या पुढे. एवढा झटका अरुंद धारेवर चालणाऱ्या माणसाचा तोल घालवायला पुरेसा आहे. वाऱ्याच्या बोफर्ट मापनात सहाव्या प्रतीची, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटरची, जमिनीवरची खूण म्हणून ‘छत्री सांभाळणे कठीण’ असेच दिलेले आहे. नाणेघाटात किंवा आंबोलीजवळ कावळेसादला, जिथे धबधब्याचे पाणी उलटे वर उडते, तिथे तर पाऊस खालून येतो.

छत्रीचे समर्थक यावर दोन उत्तरे देतात. एक, फायबर ग्लासच्या काड्या उलटल्या तरी तुटत नाहीत, पुन्हा सरळ होतात. दुसरे, वारा वाढला की छत्री मिटावी. पहिले उत्तर छत्रीच्या बचावाचे आहे, माणसाच्या नव्हे. दुसरे योग्य आहे, पण त्यासाठी सॅकमध्ये रेनकोट असलाच पाहिजे. आणि तो घेतलाच, तर रेनकोटऐवजी छत्री नेऊन वजन वाचवण्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

हात आणि पाय

सह्याद्रीची वाट हात मागते. शेवाळलेल्या पायऱ्या, घसारा, कारवीच्या रानातून मुरुमावरची उतरण, कळसूबाईच्या शिड्या, हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्या. इथे छत्री उघडी ठेवणे धोक्याचे आहे, याबाबत दुमत नाही. गुडघ्यांसाठी दोन काठ्या वापरणाऱ्यांनाही एक हात छत्रीला द्यावा लागतो.

यावर निघालेली तोड म्हणजे छत्रीचा दांडा सॅकच्या खांदापट्ट्याला दोन लवचीक बंदांनी बांधणे. मोकळ्या, रुंद आणि शांत हवेच्या वाटेवर ही युक्ती उत्तम चालते. पण बांधलेली छत्री झोत आला की क्षणात सोडून देता येत नाही. तिचा सगळा झटका खांद्यावर येतो. फांद्यांत ती अडकते. छत्री खाली ओढून धरली की वरचे दिसत नाही, आणि कापडावर पावसाचा ताशा वाजू लागला की वरून सुटलेल्या दगडाचा किंवा फुगलेल्या ओढ्याचा आवाज उशिरा ऐकू येतो. नळीच्या वाटेने चढणाऱ्यांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. गर्दीच्या गडांवर काड्यांची टोके मागच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. हिमालयात खेचरांच्या तांड्यासमोर छत्री अचानक उघडली तर जनावर बुजते, आणि कड्याच्या बाजूला आपण उभे असू तर प्रसंग बिकट होतो.

वीज

फायबर ग्लासची छत्री वीज वाहून नेत नाही, म्हणून ती सुरक्षित आहे, असा समज विक्रीच्या मजकुरातून पसरला आहे. तो सोडून द्यावा. उघड्या माथ्यावर सर्वांत उंच असणे हाच मुख्य धोका आहे. काड्या कशाच्या आहेत हा दुय्यम प्रश्न. एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की छत्री मिटून धारेवरून खाली उतरणे एवढेच करायचे असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप विजेची पूर्वसूचना देते. ते मोबाइलमध्ये असावे.

काय ठरायचे आहे

कापडाचा वाद मिटलेला नाही. चालणाऱ्यांच्या परदेशी छत्र्यांना चंदेरी बाजू वर असते; आपल्या बाजारातल्या अनेक छत्र्यांना ती आतून असते. वर असेल तर ऊन परतवले जाते आणि कापड कमी तापते. आत असेल तर तापलेल्या कापडाची धग खाली कमी येते, पण जमिनीवरची चमक चेहऱ्यावर पडते. दमट हवेत आणि तापलेल्या कातळावर यातले कोणते सरस, हे सह्याद्रीतच मोजायला हवे. त्यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. काळ्या गोळ्यातला तापमापक, ओला तापमापक आणि साधा तापमापक, या तिघांच्या नोंदींना अनुक्रमे ०.२, ०.७ आणि ०.१ असे वजन देऊन उष्णतेचा ताण काढण्याची पद्धत १९५७ पासून रूढ आहे. तीच छत्रीखाली आणि छत्रीबाहेर एकाच वेळी वापरायची. एखाद्या महाविद्यालयाच्या गिरिभ्रमण मंडळाला एका उन्हाळ्यात पेलेल असे हे काम आहे.

आयोजकांच्या ‘छत्री आणू नये’ या ओळीचाही फेरविचार व्हायला हवा. जून ते सप्टेंबर, माथ्यावरच्या ट्रेकसाठी ती रास्त आहे. फेब्रुवारी ते मे या काळात, उघड्या पठारांवर, तीच ओळ लोकांना सावलीपासून तोडते.

सर्वांत अवघड प्रश्न उन्हाळी शिबिरांतल्या मुलांचा आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मे महिन्यात गडावर नेले जाते. उन्हाचा त्रास त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर होऊ शकतो, म्हणजे सावलीची गरज त्यांना अधिक. पण पाच-सहा किलोचा जो झोत मोठ्या माणसाला नुसता हलवतो, तो पंचवीस किलोच्या पोराला कड्याच्या दिशेने दोन पावले ओढू शकतो. त्यांच्यासाठी छोट्या व्यासाची छत्री पुरेल का, ती फक्त रुंद वाटेवर आणि विश्रांतीच्या वेळीच द्यावी का, की मोठ्या काठाची टोपी आणि सकाळी दहाच्या आत उतरणे हेच बरे, यावर शिबिरे चालवणाऱ्या संस्थांनी एकत्र बसून अजून नियम ठरवायचे आहेत.